कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यात मनुष्यबळाचे नियम कोठून लिहायला घ्यावेत?

प्रश्न

नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी आठ महिन्यांपूर्वी मनुष्यबळ व्यवस्थापक म्हणून रुजू झालो. कारखाना एकाच कुटुंबाच्या मालकीचा असून सध्या दुसरी आणि तिसरी पिढी तेथे एकत्र काम करते. आजोबांनी एका कपोला (कोळशावर चालणाऱ्या) भट्टीवर सुरू केलेला व्यवसाय आज दोन इंडक्शन (विजेच्या) भट्ट्या, साच्यातील गाभे बनवणारे स्वतंत्र कोअर शॉप, मशीन शॉप आणि सुमारे १८० माणसे एवढा वाढला आहे. माझ्यापूर्वी येथे मनुष्यबळ विभाग नव्हता. हजेरी टाइम ऑफिसात लागत असे, पगार हिशेबनीस काढत असत, आणि कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला किती वाढ द्यायची, कोणाला उचल द्यायची हे सारे थोरले मालक स्वतः ठरवीत असत. त्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो.

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात एक लहान वही असते. एके दिवशी त्यांनी ती विश्वासाने माझ्या हाती दिली. प्रत्येक पानावर एका कामगाराचे नाव, त्याखाली उचलीची रक्कम आणि समोर कारण लिहिलेले होते: ‘मुलीचे लग्न’, ‘आईचे डोळे, मिरज’, ‘घराचा स्लॅब’. फेडीचे हप्ते शिसपेन्सिलीने मांडलेले होते आणि काही पानांवर उरलेल्या रकमेवर आडवी रेघ मारून ती सोडून दिलेली होती. मी पूर्वी ज्या मोठ्या कंपनीत होतो तेथे प्रत्येक कामगाराची भरपूर माहिती संगणकात होती, पण कोणाच्या आईचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले हे कोणालाही ठाऊक नसे. त्यामुळे येथील जुन्या पद्धतीला मागासलेली म्हणायला माझे मन धजत नाही.

मात्र पगारपत्रक उघडले की याच पद्धतीची दुसरी बाजू समोर येते. एकाच मोल्डिंग (वाळूचे साचे बनवण्याच्या) लाइनवर शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन मोल्डरांच्या पगारात ४,३०० रुपयांचा फरक आहे, आणि कमी पगार असलेल्याची नोकरी पाच वर्षांनी जुनी आहे. कारण विचारले तर एवढेच कळते की दुसऱ्याने योग्य वेळी अण्णांची गाठ घेतली होती. भरती जवळजवळ सगळी नात्यागोत्यातून होते, त्यामुळे माणूस खात्रीचा मिळतो हे खरे. पण जोतिबाच्या चैत्र यात्रेला फेटलिंग (ओतीव माल साफ करणारा) विभाग निम्मा रिकामा होतो, कारण त्यातील बहुतेक जण दोन गावांतले आहेत. सर्वांत नाजूक गोष्ट अशी की दीड वर्षापूर्वी अण्णांचे पुतणे अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून आले आणि थेट उत्पादनप्रमुख झाले. १९ वर्षे मोल्डिंग सांभाळणारे आमचे पर्यवेक्षक आता त्यांच्या हाताखाली आहेत. ते काही बोलत नाहीत, पण पूर्वी रिजेक्शन (नापास माल) वाढले की शिफ्ट संपल्यावरही वाळू तपासत थांबणारा हा माणूस आता वेळेवर घरी जातो.

मी कामाच्या मूल्यमापनाचा एक साधा तक्ता तयार करून अण्णांकडे नेला होता. त्यांनी तो वाचला आणि “मी माझ्याच माणसांना गुण देऊ?” असे म्हणून परत केला. त्यांच्या स्वरात राग नव्हता, दुःख होते.

अशा कारखान्यात नियमांची सुरुवात कोठून करावी? वहीतील माया न गमावता पगारपत्रकातील अन्याय दूर करता येतो का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निवृत्त मनुष्यबळ अधिकारी)

आपला प्रश्न मनापासून आवडला, कारण आपण वहीकडे आदराने पाहिले आहे. माझी ३४ वर्षांची नोकरी कुटुंबांच्या मालकीच्या कारखान्यांत झाली आणि बाहेरून आलेले माझे अनेक सहकारी पहिल्याच वर्षी ती वही बंद करायला निघून तोंडघशी पडल्याचे मी पाहिले आहे. माणूस ओळखून जबाबदारी सोपवणे ही अशा उद्योगांची खरी ताकद असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना किर्लोस्करवाडीत राखणीच्या कामावर ठेवले होते. भरतीच्या कोणत्याही छापील नमुन्यात असा निर्णय बसला नसता.

तरीही मायेचा हिशेब कागदावर नसला की काय होते, याचा एक प्रसंग सांगतो. मी काम करीत असलेल्या एका कारखान्यात ३० वर्षे नोकरी करून एक टर्नर (लेथवर काम करणारे कारागीर) निवृत्त झाले. मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना शाल आणि श्रीफळ दिले, त्यांच्या पत्नीची साडीने ओटी भरली आणि दोन लाख रुपयांचा धनादेश हाती दिला. मालकांचे डोळे भरून आले होते आणि त्यात तिळमात्र खोटेपणा नव्हता. संध्याकाळी मी सहज हिशेब केला. त्यांचा ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी संपताना मिळणाऱ्या कायदेशीर रकमेसाठी) धरायचा शेवटचा पगार १८,००० रुपये होता. ग्रॅच्युइटीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ३०. उत्तर आले ३,११,५३८. मालकांनी भेट म्हणून जे दिले ते त्या माणसाच्या हक्काच्या रकमेपेक्षा एक लाख अकरा हजारांनी कमी होते, आणि हे देणाऱ्याला माहीत नव्हते व घेणाऱ्यालाही नव्हते. दुसऱ्या दिवशी मी कागद पुढे ठेवला तेव्हा मालक बराच वेळ गप्प बसले आणि मग उरलेली रक्कम घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेले.

म्हणून माझा सल्ला असा आहे की मूल्यमापनाचा तक्ता सध्या बाजूला ठेवा आणि जे हक्काचे आहे ते आधी लिहून काढा: नेमणूकपत्र, मूळ वेतन, रजा, ग्रॅच्युइटी, बोनस. गुण देण्याची भाषा अण्णांना परकी वाटणारच. पण ‘आपल्या माणसाचे काही राहून जाऊ नये’ ही भाषा त्यांचीच आहे.

कुटुंबाच्या मालकीचा आणि लेखी हक्काचा मुळातच विरोध आहे असे मात्र समजू नका. जमशेटजी टाटांनी नागपुरात १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आला आणि १८९५ मध्ये अपघातात सापडलेल्या कामगारांना भरपाई देण्याची सोय झाली. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. त्याच घराण्याने उभारलेल्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधी १९२० मध्ये सुरू झाला. भविष्य निर्वाह निधीचा कायदा त्यानंतर ३२ वर्षांनी, १९५२ मध्ये आला. मालक घराणे पिढ्यांचा विचार करीत असेल तर ते कायद्याच्या कितीतरी आधी अशी पावले टाकू शकते. पण त्यांनी ती मदत निधीच्या आणि नियमाच्या रूपात बांधली, म्हणून मालकांची गाठ न पडलेल्या कामगारालाही ती मिळाली. आपल्या दोन मोल्डरांमधील ४,३०० रुपयांचे मूळ नेमके येथे आहे.

प्रतिसाद २ (व्यवस्थापन विषयाचा अध्यापक)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. एका संशोधनाचा येथे थेट उपयोग होईल म्हणून ते मांडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँक येथील अर्थतज्ज्ञांनी मुंबईच्या उत्तरेकडील तारापूर आणि उंबरगाव येथे १७ कंपन्यांच्या २८ कापड कारखान्यांत एक प्रयोग केला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्व कंपन्या कुटुंबांच्या मालकीच्या होत्या. काही कारखान्यांना सल्लागारांकडून सविस्तर मदत मिळाली: मालसाठ्याची नोंद, दोषांची रोजची पाहणी, यंत्रांची नियमित देखभाल, कामगार आणि व्यवस्थापकांसाठी कामावर आधारित प्रोत्साहन भत्ता. त्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी वाढली.

मला त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. या कंपन्या किती मोठ्या होतील हे त्यांच्या व्यवस्थापनाच्या गुणवत्तेपेक्षा मालक कुटुंबातील कारभारात बसू शकणाऱ्या पुरुषांच्या संख्येवर अधिक अवलंबून असल्याचे दिसले. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती खरेदीचा किंवा पैशाचा अधिकार दिला तर तो हात मारील आणि कोर्टकचेरीतून वेळेवर न्याय मिळणार नाही, ही भीती मालकांच्या मनात होती. म्हणून नवा कारखाना काढायचा तर आधी घरात मोकळा भाऊ किंवा मुलगा हवा. आपल्याकडील पुतण्याची नेमणूक त्या दृष्टीने पाहा. अण्णांना उत्पादनप्रमुख हवा होताच, पण त्याहून अधिक त्यांना चावी ठेवण्याजोगा माणूस हवा होता, आणि या दोन गरजा एकाच खुर्चीत कोंबल्या गेल्या आहेत.

काही वर्षांनी हे संशोधक त्याच कारखान्यांत पुन्हा गेले, तेव्हा आणलेल्या सुधारणांपैकी जवळजवळ निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या. व्यवस्थापक बदलून गेला किंवा मालकांना वेळ उरला नाही, ही त्यामागची प्रमुख कारणे होती. आपण नोकरी सोडून गेलात तर आपले नियम टिकतील का, हा प्रश्न आजच विचारून ठेवा.

पगाराबद्दलही एक नोंद करतो. फ्रान्सच्या शेअर बाजारातील कंपन्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की संस्थापकांच्या वारसांनी चालवलेल्या कंपन्या तुलनेने कमी पगार देतात, पण धंद्याला मंदी आली तरी माणसे कमी करण्याचे टाळतात. आपल्या कामगारांनाही ही अलिखित देवाणघेवाण ठाऊक असणार, आणि म्हणूनच शेजारच्या कारखान्यात दोन हजार जास्त मिळत असूनही ते जात नाहीत.

प्रतिसाद ३ (मालक कुटुंबातील मुलगी, तिसरी पिढी)

‘पुरुषांची संख्या’ हे शब्द वाचून थांबले आणि लिहायला बसले. आमचा सांगली भागात पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणारा मशीन शॉप आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर सात वर्षे मी तेथे हिशेब, बँक आणि पगार ही तिन्ही कामे पाहिली आणि त्या सात वर्षांत मला पगार नव्हता, कारण घरच्या माणसाला पगार कसला, अशीच सर्वांची समजूत होती. माझा धाकटा भाऊ आला त्या दिवशी त्याला टेबल, गाडी आणि पदनाम मिळाले. बाबांचे माझ्यावर प्रेम नव्हते असे मी चुकूनही म्हणणार नाही. घर आणि कारखाना यांच्यामध्ये उंबराच नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे काका वेगळे व्हायचे म्हणू लागले, तेव्हा कोणी किती उचलले याचा हिशेब लागेना. एक जण घरखर्च कारखान्यातून करीत होता, दुसऱ्याच्या मुलाचे शिक्षण ‘प्रवासखर्च’ या खात्यात होते. आम्ही चार महिने भांडलो आणि शेवटी दोन पानांचा एक कागद लिहिला. घरातील कोणीही, मुलगा, मुलगी किंवा सून, कारखान्यात येण्यापूर्वी बाहेर किमान तीन वर्षे नोकरी करील. येथे त्याला त्या पदाचा बाजारातील पगार मिळेल, कमी नाही आणि जास्तही नाही. मालकीचा वाटा वर्षाच्या शेवटी नफ्यातून वेगळा मिळेल. पहिली दोन वर्षे तो आपल्या आईवडिलांच्या नव्हे, तर बाहेरच्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करील.

तो कागद कामगारांसाठी लिहिलेला नव्हता, पण त्याचा सर्वाधिक परिणाम त्यांच्यावर झाला. घरच्यांचे पगार ठरल्याबरोबर कारखान्याचा खरा खर्च पहिल्यांदा दिसू लागला, आणि मगच वेतनश्रेणीवर बोलणे शक्य झाले. त्याआधी बाबा कामगारांना ‘यंदा जमत नाही’ म्हणत तेव्हा खरोखर जमते की नाही हे त्यांनाही ठाऊक नसे. म्हणून वरील दोन्ही मान्यवरांचा आदर राखून मला वाटते की पहिला नियम कुटुंबासाठी लिहावा. अण्णांनी पुतण्यांना नियम लावला तर कामगार आपला नियम न सांगता मान्य करतील.

आपली संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर कायद्याचाही थोडा आधार आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८८ मध्ये संचालकाच्या नातेवाइकाला लाभाच्या पदावर नेमण्यासाठी संचालक मंडळाच्या संमतीची आणि मासिक मोबदला अडीच लाख रुपयांच्या पुढे गेल्यास भागधारकांच्या ठरावाची तरतूद आहे. गंमत नव्हे, महत्त्वाची बाब म्हणून सांगते: त्या कायद्याच्या व्याख्येत मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण हे नातेवाईक आहेत, पुतण्या नाही, पण त्याचे वडीलही संचालक असतील तर तो त्यांचा मुलगा म्हणून व्याख्येत येतोच. अर्थात ज्या खाजगी कंपनीत मंडळही घरचे आणि भागधारकही घरचे, तेथे या कलमाने फारसे काही अडत नाही. घरानेच स्वतःला अडवायचे असते.

तसे करणारी घराणी आपल्याकडे आहेत. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीत अनू आगा यांनी मनुष्यबळ विभागाची धुरा सांभाळली होती आणि १९९६ मध्ये पतीच्या निधनानंतर त्या अध्यक्ष झाल्या. पुढे कंपनी अडचणीत आली तेव्हा त्यांनी बाहेरून सल्लागार आणले, संचालक मंडळाची फेररचना केली आणि कुटुंबीयांनी रोजच्या कारभारातून बाजूला होऊन मंडळावरची भूमिका स्वीकारली. मालकी सोडली नाही, खुर्च्या सोडल्या. आमच्या दोन पानांच्या मागे त्यांचे उदाहरण होते, हे मी कृतज्ञतेने नमूद करते.

प्रतिसाद ४ (माजी पर्यवेक्षक)

मी आपल्या त्या पर्यवेक्षकांच्या जागेवर होतो, म्हणून त्यांच्या बाजूने लिहितो. एका फाउंड्रीत १७ वर्षे काढली. खंडेनवमीला भट्टीच्या पूजेचा नारळ मालक नेहमी माझ्या हातून फोडून घेत आणि त्या एका मानासाठी मी कितीतरी रात्रपाळ्या हसत केल्या आहेत. मालकांचे चिरंजीव वरिष्ठ म्हणून आले तेव्हा मला त्याचे वाईट वाटले नाही. कारखाना त्यांचा आहे आणि तो त्यांच्याच मुलाकडे जाणार हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असते.

वाईट वेगळ्याच गोष्टीचे वाटले. एका हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका घाण्यात, धातूचे तापमान कमी असल्याने मी ओतकाम थांबवले आणि नव्या साहेबांनी ते फोनवरून पुन्हा सुरू करवले. माल नापास झाला. त्याची चौकशी झाली नाही, मला कोणी बोललेही नाही, आणि खंडेनवमीला नारळही माझ्याच हातात आला. पण भट्टीपाशी माझा शब्द चालत नाही हे सगळ्या लाइनने पाहिले होते. सहा महिन्यांनी मी राजीनामा दिला. मालक घरी आले, पगार वाढवतो म्हणाले. मला पगार नको होता.

आदरणीय ताईंच्या दोन पानांत मी एक ओळ सुचवीन. ओतकाम, वाळू आणि सुरक्षितता यांबाबत पाळीच्या पर्यवेक्षकाने ‘थांबवा’ म्हटले की ते घरच्या माणसालाही परस्पर बदलता येणार नाही. बदलायचे असेल तर लेखी द्यावे आणि सही करावी. आमच्यासारख्यांना वेतनश्रेणीपेक्षा ही सही अधिक हवी असते. आणि कृपया त्या पर्यवेक्षकांशी आजच बोला. वेळेवर घरी जायला लागलेला माणूस बहुधा दुसरीकडे चौकशी करू लागलेला असतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या प्रतिसादातील ग्रॅच्युइटीचा हिशेब मी नावगाव न सांगता अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी खिशातली वही काढली, मागची पाने चाळली आणि गेल्या तीन वर्षांत निवृत्त झालेल्या पाच जणांची नावे मला लिहून दिली. त्यांपैकी दोघांना रक्कम कमी गेली होती. फरकाचे धनादेश काल तयार झाले. नेमणूकपत्रे आणि मूळ वेतन लिहिण्याच्या कामाला त्यांनी मान्यता दिली असून त्या दोन मोल्डरांपासूनच सुरुवात करण्याचे ठरले आहे.

पुतण्यांचा विषय मी अजून अण्णांकडे काढलेला नाही. पर्यवेक्षकांशी मात्र बोललो. पुण्याच्या एका कारखान्यातून त्यांना बोलावणे आले आहे आणि महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे, असे त्यांनी सांगितले. ‘थांबवा’ची ती ओळ मी त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि “यावर छोटे मालक सही करतील का?” एवढेच विचारले. येत्या सोमवारी मी तो कागद घेऊन आधी पुतण्यांकडेच जाणार आहे. ताईंनी आपल्या दोन पानांचा मसुदा, नावे काढून, मला पाठवला तर त्याआधी तो अभ्यासता येईल.